भूल देताना घशात मास्क की नळी? ऑपरेशनआधी काय सांगायचं, काय विचारायचं

‘ऑपरेशन तर साधंच आहे, मग घशात नळी कशाला?’ ‘माझ्या भावाला पुण्यात नुसता मास्क लावला होता, मला इथे ट्यूब का?’ ‘म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवणार का?’ वॉटफर्ड आणि आसपासच्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोविडनंतर शेवटचा प्रश्न तर जास्तच धास्तीनं विचारला जातो. प्री-ऑप तपासणीच्या दहा-पंधरा मिनिटांत या शंका मनातच राहतात आणि ऑपरेशनच्या सकाळी, गाऊन घालून बसल्यावर, एकदम वर येतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मास्क की नळी, हा निर्णय भूलतज्ज्ञ घेतात आणि तो त्यांनीच घ्यायला हवा. पण तो ज्या माहितीवर घेतला जातो ती बरीचशी फक्त तुमच्याकडे असते: शेवटचं काय खाल्लं, तोंड किती उघडतं, पित्त किती होतं, मागच्या भुलीत काय झालं. ती नीट सांगितली नाही तर उत्तम भूलतज्ज्ञाचाही अंदाज चुकू शकतो.

ही उपकरणं कोणती?

पूर्ण भूल दिल्यावर जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग बंद होऊ शकतो. खोकून घसा साफ करण्याची शरीराची सवयही तेवढ्या वेळापुरती जाते. म्हणून हवेची वाट उघडी ठेवावी लागते. त्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी वापरतात.

- तोंडावरचा मास्क. नाक-तोंडावर बाहेरून धरायचा. अगदी छोट्या प्रक्रियांना किंवा सुरुवातीच्या काही मिनिटांना पुरतो.
- घशातला मास्क. लॅरिंजियल मास्क किंवा एलएमए. मऊ, द्रोणासारखा खोलगट भाग स्वरयंत्राच्या वर, घशात बसतो. तो स्वरतंतूंच्या खाली जात नाही. ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ पासून तो घडवला आणि १९८८ मध्ये तो ब्रिटनमध्ये विक्रीला आला. २००७ मध्ये आलेला आय-जेल याच कुळातला. त्यात हवा भरावी लागत नाही, त्याची कडा जेलसारख्या मऊ पदार्थाची असते, आणि पोटातलं पाणी किंवा वायू वर आला तर बाहेर पडायला वेगळी वाट असते. अशी वाट असलेल्या मास्कना ‘सेकंड जनरेशन’ म्हणतात.
- श्वासनलिकेतली नळी. एंडोट्रॅकियल ट्यूब. ही स्वरतंतूंमधून खाली श्वासनलिकेत जाते. टोकाजवळचा छोटा फुगा फुगवला की श्वासनलिका सील होते, त्यामुळे पोटातलं काही वर आलंच तर ते फुफ्फुसात जाण्याची शक्यता सगळ्यांत कमी राहते. ती घालताना बहुधा स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं.

यातलं घशात जाणारं काहीही तुम्ही जागे असताना घालत नाहीत (एक अपवाद आहे, तो पुढे येईल). तुम्हाला आठवतो तो फक्त ऑक्सिजनचा मास्क. तुम्ही पुरते भानावर येईपर्यंत बहुतेकांचं उपकरण निघालेलं असतं.

व्हेंटिलेटरबद्दल थोडं. ऑपरेशन चालू असताना यंत्रानं श्वास देणं हा भुलीचा नेहमीचा भाग आहे, आणि तो मास्कवरूनही देता येतो. कोविडच्या दिवसांत अतिदक्षता विभागात जे पाहिलं-ऐकलं ते फुफ्फुसं निकामी झालेल्या माणसांबद्दल होतं. नळी घातली म्हणून तुमची तब्येत गंभीर आहे, असा अर्थ काढू नका. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. बाहेर बसलेल्या माणसाला त्याची गरज जास्त असते.

मग चांगलं कोणतं?

सगळ्यांसाठी चांगलं असं एकच नाही. मास्क लवकर बसतो, घसा कमी दुखतो, आवाज कमी बसतो, उठताना खोकला कमी येतो. नळी श्वासमार्ग जास्त पक्का धरते आणि फुफ्फुसांना पोटातल्या आम्लापासून जास्त वाचवते. म्हणजे सोय एका बाजूला आणि संरक्षण दुसऱ्या बाजूला.

या देशात यावर मोठी पाहणी झाली आहे. रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी एक वर्षभर सगळ्या एनएचएस रुग्णालयांतून श्वासमार्गाच्या गंभीर घटना गोळा केल्या आणि २०११ मध्ये ‘नॅप-४’ हा अहवाल काढला. तेव्हा वर्षाला सुमारे २९ लाख पूर्ण भुली दिल्या जात होत्या. त्यांपैकी ५६ टक्क्यांत घशातला मास्क, ३८ टक्क्यांत नळी. श्वासमार्गाची गंभीर गुंतागुंत सुमारे २२,००० भुलींमागे एक, आणि त्यातून मृत्यू सुमारे १,८०,००० मागे एक. धोका इतका कमी आहे हे मन शांत करणारं आहे. पण भुलीतल्या या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पोटातलं अन्न किंवा आम्ल फुफ्फुसात जाणं हे होतं, आणि त्यातल्या काही घटनांत नळीची गरज असताना मास्क वापरला गेला होता.

म्हणून भूलतज्ज्ञ ‘तुम्हाला ट्यूब लागेल’ म्हणाले तर मास्कसाठी हट्ट धरू नका. कारण जरूर विचारा.

कोणत्या ऑपरेशनला साधारण काय?

- बहुधा मास्क: गुडघ्याची दुर्बीण, हाता-पायाची छोटी ऑपरेशनं, स्तनातली गाठ काढणं, हिस्टेरोस्कोपी, बरीच डे-केस ऑपरेशनं. अट एकच: पोट रिकामं हवं.
- बहुधा नळी: पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, अपेंडिक्स, आतड्याची ऑपरेशनं, छातीची, पालथं झोपवून केलेली, खूप लांबणारी, आणि तातडीनं करायची जवळपास सगळी.
- दोन्ही शक्य: टॉन्सिल, नाकाची, काही हर्नियाची. इथे डॉक्टरांची पद्धत आणि तुमची प्रकृती दोन्ही बघतात.
- काहीच नाही: सिझेरियन बहुतेक वेळा कमरेतून इंजेक्शन देऊन होतं, गुडघा किंवा खुबा बदलणंही पुष्कळदा तसंच होतं. पूर्ण भूल नको असेल तर ‘स्पायनल किंवा ब्लॉकवर होईल का?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. माझ्या मते तो जितक्या वेळा विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही.

पोट रिकामं म्हणजे नेमकं काय

इथे आपल्या घरांत सगळ्यांत जास्त घोटाळा होतो, म्हणून थोडं सविस्तर.

मोठ्या माणसांसाठी नेहमीचा नियम: अन्न आणि दूध ऑपरेशनच्या सहा तास आधी बंद, पाण्यासारखं स्वच्छ पेय दोन तास आधीपर्यंत. काही रुग्णालयं आता थिएटरमध्ये नेईपर्यंत घोट घोट पाणी पिऊ देतात. तुमच्या पत्रात जे लिहिलं असेल ते पाळा. लहान मुलांना स्वच्छ पेय एक तास आधीपर्यंत चालतं, पण अन्नाला त्यांनाही सहा तास. मूल रडतं म्हणून आजीनं गाडीत हळूच बिस्किट दिलं, तर ते भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, पण मुलाची फुफ्फुसं वाचतील.

आता आपल्या सवयी:

- सकाळचा चहा. इथले काही दवाखाने काळ्या चहात थोडंसं दूध चालवतात. आपला दूध घालून उकळलेला चहा त्यात बसत नाही. तो दूध म्हणूनच धरा, म्हणजे सहा तास.
- उपासाचा फराळ. साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी हे पोटासाठी जेवणच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी असेल तर शेवटचा घास किती वाजता घेतला, तेवढं घड्याळाप्रमाणे सांगा.
- ताक, लस्सी, नारळपाणी, सूप, सार. ताक आणि लस्सी दुधात मोडतात. सूप, सार आणि नारळपाणी यांबद्दल नर्सला विचारल्याशिवाय पिऊ नका.
- निर्जळी. काही जण ‘जास्त सुरक्षित’ म्हणून रात्रीपासून पाणीही सोडतात. त्यानं रक्तदाब पडतो, मळमळ वाढते, सुई लावायला शीर सापडत नाही. मुभा आहे तोपर्यंत पाणी प्या.

नियम पाळूनही पोट भरलेलं राहू शकतं. खूप पित्त, छातीत जळजळ, झोपल्यावर तोंडात आंबट पाणी येणं, हायटस हर्निया, बरीच वर्षं असलेला मधुमेह, गरोदरपण, मोठा लठ्ठपणा, ही नळीकडे झुकवणारी कारणं. आपल्याकडे पित्ताचा त्रास कोणी आजार मानत नाही. भारतातून आणलेली ओमेझ किंवा पॅन-४० घेऊन लोक वर्षानुवर्षं काढतात आणि इथल्या जीपीच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो. ‘काही औषध घेता का?’ याला ‘नाही’ म्हणण्याआधी स्वयंपाकघरातला तो डबा आठवा.

वजन किंवा साखर कमी करायची साप्ताहिक इंजेक्शनं, ओझेंपिक, वेगोव्ही, मौंजारो, ही जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. ब्रिटनच्या औषध नियामकानं, एमएचआरएनं, जानेवारी २०२५ मध्ये याबद्दल डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही सावध केलं. अनेक जण ती ऑनलाइन स्वतःच्या पैशानं घेतात, घरात कुणाला माहीत नसतं. आपल्या मनानं बंद करू नका, पण शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. घरच्यांसमोर नको असेल तर एकट्यानं सांगायची सोय मागा.

तोंड किती उघडतं?

आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक, वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात असतील तर बहुधा ठीक. दोनच जात असतील तर प्री-ऑपला सांगा. एकच जात असेल तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट बघू नका, आजच फोन करा.

सुपारी, गुटखा, मावा, खर्रा वर्षानुवर्षं खाल्ल्यानं गालाच्या आतली त्वचा आखडते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस हे त्याचं नाव. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण त्याआधीच्या सवयीची खूण तोंडात राहते. गुटखा सोडला तरी आखडलेली त्वचा पूर्वीसारखी सैल होत नाही. तिखट लागलं की तोंडाची आग होणं, शिट्टी वाजवता न येणं, पाणीपुरीची अख्खी पुरी तोंडात न मावणं, ही घरच्या घरी ओळखू येणारी लक्षणं आहेत. इथल्या प्रश्नावलीत सिगारेट आणि दारू हमखास विचारतात, सुपारीचा प्रश्न सहसा नसतो. तुम्हीच सांगा, आणि ‘आता खात नाही’ म्हणून गाळू नका.

तोंड फारच कमी उघडत असेल तर घशातला मास्कही आत जात नाही आणि नेहमीच्या पद्धतीनं नळीही घालता येत नाही. तेव्हा वर म्हटलेला अपवाद लागू होतो: नाक आणि घसा औषधानं बधिर करून, थोडी गुंगी देऊन, तुम्ही जागे असतानाच बारीक कॅमेऱ्यावरून नाकातून नळी श्वासनलिकेत नेतात, आणि मग पूर्ण भूल देतात. ऐकायला भीती वाटते, पण अशा तोंडासाठी हाच सुरक्षित मार्ग आहे. तयारीला वेळ आणि अनुभवी माणूस लागतो, म्हणून हे आधी कळणं गरजेचं.

याशिवाय सांगाच

- कवळी, हलणारे दात, समोरच्या दातांवरची कॅप किंवा ब्रिज. भुलीत दाताला इजा होण्याचं प्रमाण सुमारे ४,५०० मागे एक आहे. दात आधीच किडलेला असेल तर तो धोका वाढतो.
- मानेचा त्रास, संधिवात, मानेचं जुनं ऑपरेशन किंवा रेडिओथेरपी.
- घोरणं, झोपेत श्वास अडकणं. सीपॅप मशीन असेल तर सोबत न्या.
- मुलाला गेल्या काही आठवड्यांत सर्दी-खोकला झाला असेल, किंवा घरात कुणी सिगारेट ओढत असेल.
- तुम्ही गायक, कीर्तनकार, शिक्षक असाल तर तेही. आवाजावर पोट असलेल्या माणसासाठी, ऑपरेशनला चालत असेल तर, मास्कचा विचार जास्त होतो, किंवा बारीक नळी निवडता येते.
- नथ, चमकी, जिभेतलं किंवा ओठातलं आभूषण घरीच काढून ठेवा.

भूलतज्ज्ञांना काय विचाराल?

भूलतज्ज्ञ पुष्कळदा ऑपरेशनच्या सकाळीच भेटतात. प्रश्न कागदावर लिहून न्या.

- माझ्यासाठी मास्क की नळी, आणि का?
- मास्क असेल तर तो सेकंड जनरेशनचा आहे का?
- तो नीट बसला नाही तर पुढे काय कराल?
- पूर्ण भूल टाळता येईल का?
- भूल कोण देणार, त्यांचं पद काय, आणि वरिष्ठ जवळ असतील का?

‘पुढे काय’ हा प्रश्न उद्धट वाटेल म्हणून गिळू नका. चांगल्या भूलतज्ज्ञाकडे पहिला, दुसरा, तिसरा असा आराखडा तयारच असतो आणि तो सांगायला त्यांना आवडतं.

तुमचे हक्क

संमती म्हणजे फक्त सही नव्हे. २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की तुमच्या जागी असलेल्या माणसाला ज्या धोक्याचं महत्त्व वाटेल तो धोका, आणि त्याला असलेले पर्याय, डॉक्टरांनी सांगायलाच हवेत. आवाज जाईल का, ही भीती गायकासाठी महत्त्वाची; ती बोलून दाखवलीत तर त्यावर उत्तर मिळणं तुमचा हक्क आहे. उपचार नाकारण्याचाही हक्क आहे. मात्र डॉक्टरांना असुरक्षित वाटणारी पद्धत वापरायला लावण्याचा हक्क नाही.

इंग्रजी अडत असेल तर एनएचएसमध्ये मराठी दुभाषी मोफत मिळतो, फोनवरूनही. तो आधी मागून ठेवावा लागतो. सून किंवा मुलगा भाषांतर करायला तयार असतोच, पण पाळी, दारू, तंबाखू, वजनाची इंजेक्शनं हे विषय सासूबाई सुनेसमोर काढणार नाहीत. शाळकरी मुलांकडून हे काम मुळीच करून घेऊ नका.

वॉटफर्ड जनरल, हेमेल हेम्पस्टेड आणि सेंट ऑल्बन्स सिटी ही तिन्ही रुग्णालयं वेस्ट हार्टफर्डशर टीचिंग हॉस्पिटल्स या एकाच ट्रस्टची आहेत. तातडीचं काम व्हिकेरेज रोडवरच्या वॉटफर्ड जनरलला, तर ठरवून करायची अनेक ऑपरेशनं सेंट ऑल्बन्सला होतात. पत्रावरचा पत्ता नीट वाचा. जीपीनं तज्ज्ञाकडे पाठवताना कोणत्या रुग्णालयात जायचं ते निवडण्याचा हक्क इंग्लंडमध्ये तुम्हाला आहे. तक्रार किंवा अडचण असेल तर रुग्णालयाच्या ‘पॅल्स’ विभागाशी बोला.

भारतातून आलेले आई-वडील

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना ए अँड ई मधली तपासणी मोफत असते. वॉर्डात दाखल केल्यावर बिल लागू होतं, आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं. ठरवून करायच्या ऑपरेशनचे पैसे आधी भरावे लागतात. तातडीचा उपचार मात्र पैशांसाठी अडवता येत नाही. विमा काढताना जुने आजार लपवू नका.

त्यांच्यासोबत भारतातले भुलीचे कागद मागवून घ्या. डिस्चार्ज कार्डवर ‘डिफिकल्ट इंट्युबेशन’ असे दोन शब्द असतील तर ते इथल्या भूलतज्ज्ञासाठी सगळ्या रक्त तपासण्यांपेक्षा मोलाचे आहेत. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल.

ऑपरेशननंतर

घसा खवखवणं, गिळताना दुखणं, आवाज जड होणं, हे नळीनंतर जास्त आणि मास्कनंतर कमी, पण दोन्हींत होतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. कोमट पाणी, मऊ भात, पॅरासिटामॉल पुरतं. मास्कनंतर क्वचित जीभ बधिर वाटते; तीही सहसा काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण रुग्णालयाला कळवा.

- आवाज दोन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर जीपीकडे जा.
- ताप, मानेत किंवा छातीत तीव्र दुखणं, थुंकीही गिळता न येणं, मानेवर सूज: लगेच ए अँड ई.
- श्वास घ्यायला त्रास: ९९९. शंका असेल तर १११.

आणि तुमच्या वेळी नळी घालायला किंवा मास्क बसवायला अवघड गेलं असेल, तर घरी जाण्यापूर्वी ते लेखी मागून घ्या: काय अडचण आली, शेवटी काय वापरलं, पुढच्या वेळी काय करावं. डिफिकल्ट एअरवे सोसायटीचं एअरवे अलर्ट कार्डही मिळू शकतं. पत्राची एक प्रत जीपीकडे, एक पाकिटात, आणि एक भारतात ज्यांच्याकडे तुमची कागदपत्रं असतात त्यांच्याकडे पाठवा.